खोट्या प्रेसचे पाच दिवे

रुईच्या गाठीत बांधला जाऊन मुंबईच्या बंदराला निघण्याची पाळी माझ्यावर एकदा आली होती. मी तेव्हा इतका रोड होतो की माझ्या एकट्याची पुरी गाठ झालीच नसती. शेठजींना वरून दोन माणसं आणखी घालावी लागली असती. पण शेठजी तेवढे उदार होते, घातली असती.

अमरावतीत वायरमनचं सर्टिफिकेट घेतलं आणि साठ सालाच्या आगेमागे मी अकोल्याला याच शेठजींच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसाची रुई काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, लागलो. अकोल्याचा उन्हाळा काय सांगावा. मे महिन्यात वायरीला कथलाचा डाग द्यायचा तर लोखंड भट्टीत तापवावं लागत नसे. खिडकीत ठेवून चहा प्यायला जावं, परत येईतो लालबुंद. अमरावतीचे लोक याला थाप म्हणतात. त्यांनी एक मे महिना तिथे काढावा आणि मग बोलावं.

प्रेस पाण्याच्या दाबावर चालायची. दोन माणसं उंचीची लोखंडी पेटी, तिचं तोंड वरच्या मजल्यावर. तिथून रुई ओतायची, वरचं झाकण बंद करायचं, मग खालून लोखंडी दट्ट्या वर यायचा आणि खोलीभर रुईची ट्रंकेएवढी गाठ करायचा. हे सगळं पूर्वी मिस्त्री करायचा, लांबलचक दांडे ओढून. मिस्त्री म्हणजे पन्नाशीचा, शेतकऱ्याच्या घरचा, मनगटं बैलाच्या मानेएवढी. दांडा ओढताना तो असा काही आवाज काढी की स्टेशनावरच्या गाड्या थांबत.

मग शेठजींनी बंद पडलेल्या कुठल्याशा गिरणीच्या लिलावातून एक ड्रम आणला. लोखंडाचं नळकांडं, ढोलाएवढं, अंगभर भोकं. भोकांत पितळी खुंट्या ठोकायच्या. ड्रम एकेक दाता पुढे सरके, खुंटी बटण दाबी, बटणातून वीज निघे आणि पाण्याच्या नळांना हुकूम देई. झाकण लाव. दाब. धरून ठेव. सोड. झाकण उघड. खुंटी कोणत्या भोकात, यावर प्रेस काय करणार ते ठरायचं. आजची मुलं खुर्चीत बसून यंत्राला प्रोग्राम लिहून देतात म्हणे. आमचा प्रोग्राम हातोडीनं ठोकावा लागे, आणि चुकला तर तोही आपल्याला ठोकून काढी.

त्या ड्रमबरोबर ना कागद आला ना माणूस. मी तो एका उन्हाळ्यात उलगडला आणि वरच्या मजल्यावर, पेटीच्या तोंडाशी बसवून, प्रेसला जोडला. दुकानात काळी वायर तेवढी होती, म्हणून सगळी जोडणी काळ्या वायरीत केली. कुठली वायर कशाची हे कुठेही लिहिलं नाही. आई जशी जुळ्यांना ओळखते तशी मी माझ्या वायरी ओळखायचो, वळणावरून. मिस्त्रीचं म्हणणं होतं की मी हे मुद्दाम केलं, म्हणजे माझ्यावाचून कुणाचं पान हलू नये. मिस्त्री सहसा खोटं बोलत नसे.

पान हलेना, हे खरं. पण मग माझंही हलेना. अमरावतीला आई एकटी, सकाळची बस धरली की दुपारच्या आत घर. तरी दोन हंगाम मी गेलो नव्हतो. रजा मागायला गेलो की शेठजी पान लावता लावता म्हणत, "अरे भाई, ड्रम तुलेच समजते म्हणतोस ना? मंग तू गेला अन् तो रुसला तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

मी म्हणायचो, "शेठजी, दोनच दिवस."

"दोन दिवसांत एवढी रुई पडते की तुही माय अमरावतीहून पायी येईन पाहाले."

शेठजींना ड्रमचा इतका आनंद झाला होता की त्यांनी मिस्त्रीचे जुने दांडे उपटून भंगारात देऊन टाकले. त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही. भंगाराची गाडी फाटकातून गेली तेव्हा तो तिच्यामागे चौकापर्यंत चालत गेला, मयताला जावं तसा. परत आल्यावर मला म्हणाला, "तुह्या या ढोलानं एक दिवस कोणाले तरी गिळलं पायजे, तेव्हाच मले झोप लागन."

आता खोट्या प्रेसचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

खुंट्या बदलल्या की त्या बरोबर बसल्या की नाहीत हे कळायला एकच मार्ग होता: प्रेस चालवून पाहणे. एकदा अशीच पाहिली, तर दट्ट्या रिकाम्या पेटीत वर आला आणि झाकणाला असा धडकला की छपरावरची कवेलू उडाली. त्यातली दोन वीस-पंचवीस मैलांवरच्या मूर्तिजापूरला सापडली. शेठजी म्हणाले, पुन्हा असं झालं तर कवेलूंच्या जागी तुला झोपवीन.

म्हणून मी खोक्याची एक फळी घेतली. तिच्यावर ओळीनं पाच होल्डर लावले, त्यांत झिरोचे रंगीत बल्ब: पांढरा, लाल, पिवळा, निळा, हिरवा. पांढरा म्हणजे झाकण लागलं. लाल म्हणजे दट्ट्या वर निघाला. पिवळा, धरून ठेवलंय, पट्ट्या बांधा. निळा, दाब सुटला. हिरवा, झाकण उघडलं. ड्रमच्या वायरींना शेवटी मुठीएवढा एक प्लग होता. तो प्रेसमधून काढून या फळीत खोचायचा. बिचाऱ्या ड्रमला वाटायचं, आपण प्रेसच चालवतोय. तो ऐटीत हुकूम देई आणि इकडे नुसते दिवे लागत. मग मी ड्रम हँडलनं एकेक दाता पुढे न्यायचो आणि दिव्यांच्या ओळीवरून खुंट्यांची चूक पकडायचो. ना कवेलू उडत, ना शेठजी.

मला ती फळी म्हणजे जगातला आठवा चमत्कार वाटे. कारखान्यात तिचं नाव पडलं खोटी प्रेस. मिस्त्री येता-जाता विचारी, "काय मंग अमरावतीकर, आज किती गाठी बांधल्या दिव्यांच्या?"

"तुम्ही एकदा हँडल फिरवून पाहा ना, मिस्त्री."

"मी? मी काय पोरींवानी भुलाबाई मांडून बसतो काय बे?"

तिसऱ्या हंगामाचा मुहूर्त आला. आमच्या प्रेसची रीत अशी होती की हंगामाची पहिली गाठ बांधण्याआधी, ज्यानं मशीन लावून दिलं त्यानं पेटीत उतरायचं, अनवाणी, आणि रुईचा पहिला थर पायानं तुडवायचा. मगच शेठजींनी ड्रम सुरू करायचं बटण दाबायचं. ड्रम आल्यावरही दोन हंगाम मिस्त्रीच उतरला होता. त्या वर्षी शेठजी म्हणाले, मशीन आता वायरमनचं, मान वायरमनचा. मिस्त्रीनं मानेनं होकार दिला आणि तोंड फिरवलं.

मी चपला वरच काढल्या, शिडीनं उतरलो, आणि लोकांनी शिडी वर ओढून घेतली, कारण शिडी ठेवली तर रुई नीट पसरत नाही. गुडघाभर रुईत मी फुगडी घातल्यासारखा नाचत होतो. बाहेर ताशा वाजत होता. भटजींनी मुहूर्ताची वेळ काढून दिली होती, आणि शेठजींची भटजींवर इतकी श्रद्धा की वेळ टळू नये म्हणून त्यांनी बटणावर आधीपासूनच बोट ठेवलं होतं. भटजी "सावधान" म्हणाले असावेत. ताशात मला ऐकू आलं नाही. शेठजींना आलं.

डोक्यावरचा उजेड सरकत सरकत बारीक झाला आणि झाकण बसलं.

आता इथे मला माझी पाठ थोपटू द्या. झाकण लागल्यावर ड्रम थांबेल आणि दुसऱ्यांदा बटण दाबेपर्यंत पुढे जाणार नाही, अशी एक खुंटी मी स्वतः ठोकली होती, केवळ कवेलूंच्या प्रेमापोटी. ती नसती तर ही आठवण कुणीतरी दुसऱ्यानं लिहिली असती, आणि त्यानं कवेलूंचं मूर्तिजापूर नक्कीच वगळलं असतं.

पण दुसऱ्यांदा बटण दाबलं की दट्ट्या. आणि शेठजींचं बोट अजून बटणावरच होतं.

मी लोखंडावर दोन्ही हातांनी बुक्के मारले. ओरडलो. रुई आवाज खाते हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळा आवाज तिनं खाल्ला आणि वर ढेकरही दिली नाही. झाकणाच्या कडेला बोटभर फट होती. तिथवर माझं तोंड पोचेना. रुई पायाखाली गोळा करून मी तिच्यावर चढलो, घसरलो, पुन्हा चढलो, आणि फटीला तोंड लावून इतक्या जोरात बोंबललो की ताशेवाला ताल चुकला.

"थांबा," मिस्त्रीचा आवाज आला. "शेठजी, बोट काढा. पोट्टं आत हाये."

मग ताशा थांबला आणि मला रुईचे धागे अंगावर बसताना ऐकू यायला लागले.

"आत काहून हाये?" शेठजींनी विचारलं.

"तुमीच तं मान देला त्याले."

मिस्त्री फटीजवळ आला. त्याचा एक डोळा दिसत होता, तो खाटिकखान्यातल्या बोकडाकडे पाहावं तसा माझ्याकडे पाहत होता. "सांग बे, आता कसं काढू तुले? माहे दांडे असते तं एका हिसड्यात झाकण उघडलं असतं."

दांडे भंगारात गेले होते. ड्रम मागे फिरत नव्हता, दाते एकाच बाजूला चालत. झाकण उघडण्याची खुंटी यायची तर आधी दट्ट्याच्या खुंटीवरून जावं लागणार. वीज बंद केली तर मी जिवंत राहणार होतो, पण पेटीत. झाकण पाण्याच्या दाबानं आवळलेलं, चार बैल लावले तरी हलणार नाही असं.

शेठजींना कल्पना सुचली. श्रीमंतांना संकटात नेहमी सुचते. "अरे, वायरी तं दिसून राहिल्या. एकेकीले वीज लावून पाहा. एखादी झाकणाची निघनच."

"अन् दट्ट्याची निघाली तं?" मिस्त्रीनं विचारलं.

"मंग दुसरी पाहू."

मिस्त्री फटीत वाकला. "सांग लौकर. झाकणाची वायर कोणती?"

"सगळ्या काळ्याच आहेत."

"ते मले दिसून राहिलं. कोणती?"

"वळणावरून ओळखता येते, मिस्त्री. बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

त्यानं झाकणावर एक बुक्की हाणली. त्या बुक्कीत दोन वर्षांचं सगळं होतं. मला आत घाम फुटला, घामावर रुई बसली, रुईवर पुन्हा घाम. मी हळूहळू गादीच होत चाललो होतो. श्वास घेतला की नाकात तंतू जात आणि शिंकलो की चारी भिंती शिंकत. पायाखाली दट्ट्याचं लोखंड थंडगार होतं. ते वर निघालं तर पाय आधी कुठे घ्यायचे, याचा मी विचार करत होतो, जणू तिथे निवड होती.

मग फळी आठवली.

"मिस्त्री," मी म्हणालो, "खोटी प्रेस आणा."

"हे काय खेळायची वेळ हाये?"

"ऐका तर. प्लग प्रेसमधून काढा आणि फळीत खोचा. मग ड्रम हँडलनं पुढे न्या. त्याला वाटेल तो मला दाबतोय, पण नुसता दिवा लागेल. झाकण उघडायच्या खुंटीवर आला की थांबा, आणि प्लग परत प्रेसमध्ये. बाकीचं सगळं दिव्यांवर गेलं, उघडणं तेवढं माझ्या वाट्याला."

मिस्त्रीनं थोडा वेळ हे तोंडातल्या तोंडात चघळलं. "म्हंजे मार खाईन तो दिवा," तो म्हणाला, "अन् सुटशीन तू."

"तसंच."

तो गेला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. मिस्त्रीचा आवाज बारीक झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "लेका, फळी हाये. पण दोन बल्ब नाई."

"कुठे गेले?"

"लक्ष्मीच्या फोटोले लावले म्या. सकाळी. लाल अन् हिरवा. म्हटलं ही खोटी प्रेस तं रिकामीच पडली हाये."

"मग काढून आणा."

इथे शेठजी मध्ये पडले. मुहूर्ताचा दिवा, देवीपुढचा, आरती व्हायच्या आधी काढायचा नाही. वर्षभराचा हंगाम होता. मिस्त्रीनं त्यांना काहीतरी म्हटलं, जे मी इथे लिहीत नाही. शेठजींनी ते ऐकून घेतलं, पण दिवा काढू दिला नाही. "आरती लागतेच किती," ते म्हणाले, "अन् तो तं बसूनच हाये."

तेव्हा आरती झाली. संपूर्ण. एक नाही, शेठजींच्या घरात जेवढ्या पाठ होत्या तेवढ्या. वर टाळ्या वाजत होत्या आणि खाली लोखंडी पेटीत गुडघ्यावर रुईत बसून मीही म्हणत होतो, आणि सांगतो, त्या दिवशी अख्ख्या वऱ्हाडात माझ्याइतकी मनापासून कुणी म्हटली नसेल. मध्येच ध्यानात आलं की प्लग अजून प्रेसमध्येच आहे, पण टाळ्यांत माझं ऐकणार कोण? भीती वाटली की टाळ्या वाजवताना शेठजींचा कोपर बटणाला लागेल. नंतर मी तेवढंच एक ऐकत बसलो. टाळ्या नाही, शब्द नाही, कोपर.

प्रसाद फटीतून आला. नारळाचा तुकडा. तो मी रुईसकट चावला.

मिस्त्रीनं बल्ब आणले, फळीत लावले, प्लग खोचला. "आता हँडल धरलं म्या. पांढरा जळून राहिला."

"बरोबर. मी आत आहे तोच तो. एक दाता पुढे."

खट्. मला भिंतीतून ऐकू आलं. अंग आपोआप आखडलं. दट्ट्या हलला नाही.

"हिरवा लागला," मिस्त्री म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला आजही त्याचं कौतुक वाटतं. "हिरवा म्हंजे उघडलं ना? प्लग काढतो, तिकडं लावतो."

मी तोंड उघडलं आणि तोंडात रुई गेली. थुंकलो. "थांबा. मिस्त्री, हात काढा प्लगवरून."

"काहून? हिरवा हाये."

"पांढऱ्यानंतर लगेच लागला ना?"

"व्हय."

"पांढऱ्यानंतर दट्ट्याच येतो. तुम्ही लाल आणि हिरवा अदलाबदल लावलेत. आत्ता प्लग जोडला तर मी गेलो."

मग हळूच, "हात काढला."

"आता रंग पाहूच नका. ओळीनं चला. हा दुसरा. पाचवा लागला की जोडायचं, मग तो कोणत्याही रंगाचा असो."

खट्. "पिवळा." खट्. "निळा." खट्.

"लाल," मिस्त्री म्हणाला.

"जोडा."

"नाई."

"मिस्त्री, पाचवा आहे. जोडा."

"तूच सांगतलं होतं सगळ्यायले, लाल दिसला की कोणी हात लावायचा नाई. लाल म्हंजे माणूस गेला. मी लालवर नाई जोडत." त्याचा श्वास फटीतून येत होता. "माह्या हातून व्हायचं नाई ते."

ज्या माणसाला मला गिळलेलं पाहायचं होतं, तो आता मला वाचवायलाही लालवर हात लावत नव्हता. मी डोळे मिटले आणि ड्रमच्या सगळ्या खुंट्या पुन्हा एकदा मनात ठोकल्या. पहिल्यापासून. पाचवी झाकणाचीच होती.

"तुमच्या हातून नाही होत, माझ्या सांगण्यावरून होतंय," मी म्हणालो. "बल्ब तुम्ही फिरवलेत, खुंट्या मी ठोकल्यात. तुम्हाला बल्बवर भरवसा आहे की खुंटीवर?"

"तुह्यावर तं कवाच नव्हता," तो पुटपुटला. आणि प्लग बसल्याचा आवाज आला.

पाण्याचा सुस्कारा झाला. डोक्यावर उजेडाची एक रेघ आली, ती रुंद होत गेली, आणि रेघेच्या टोकाला मिस्त्रीचं तोंड होतं, घामानं निथळणारं. त्यानं शिडीची वाट पाहिली नाही. एका हातानं मला मानगुटीला धरून, कापसाचं बोंड खुडावं तसं वर काढलं. त्याच्या दांड्यांची ताकद वाया गेली नव्हती.

मी फरशीवर बसलो होतो, मेंढरासारखा पांढरा. शेठजी जवळ आले, मला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पहिली गाठ राहिलीच."

मिस्त्री त्यांच्याकडे न बघता मला म्हणाला, "ऊठ. कोणती वायर कशाची ते सांग. आत्ता."

मी उठलो. लपवायला आता उरलं काय होतं? जी प्रेस माझ्यावाचून चालू नये म्हणून मी लपवत होतो तिच्याच आत मी नुकताच बसून आलो होतो. मुहूर्ताच्या पताका फाडून मिस्त्रीनं त्यांच्या रंगीत चिंध्या केल्या, आणि मी एकेका वायरीला बोट लावत गेलो, तो चिंधी बांधत गेला. झाकण उघडायची वायर आली तेव्हा मी म्हणालो, हिला हिरवी बांधा. त्यानं लाल बांधली. "मी ज्याच्यानं काढलं ते माह्या ध्यानात राहीन," म्हणाला. फळीतले ते दोन बल्बही त्यानं परत बदलू दिले नाहीत. पुढे त्या प्रेसवर जो कोणी आला त्याला पहिल्या दिवशी शिकवावं लागे की इथे हिरवा म्हणजे मरण. आणि गाठ बांधायच्या आधी रोज सकाळी मिस्त्री स्वतः खोटी प्रेस एकदा पाचही दिव्यांतून फिरवून आणी, तिला कुंकू लावून. मला हात लावू देत नसे.

आठवड्यात तो ड्रम माझ्याइतकाच चालवायला लागला. शेठजींनी ते पाहिलं आणि मी न मागता म्हणाले, "आता जाय तू अमरावतीले. पाहिजे तितके दिवस." ज्या शब्दांसाठी मी दोन हंगाम तडफडलो होतो ते इतके सहज आले की मला जरा लागलंच.

बसनं दुपारी घरी पोचलो. आई ओट्यावर होती. वाळली होती. तिनं माझ्या केसांतून रुईचा एक धागा ओढून काढला, तो कितीतरी लांब निघाला, आणि म्हणाली, ऊन आहे, आत ये, जेव, पड जरा.

मी आत गेलो. ती मागे वळली आणि उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून दार लोटायला लागली. उजेड सरकत सरकत बारीक झाला.

मी पाय मध्ये घातला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"काही नाही. अकोल्याचं ऊन पाहिलेल्याला हे ऊन म्हणजे चांदणं आहे," मी म्हणालो. "राहू दे उघडं."